टँकरच्या पाण्याचा दोष

भाच्याचं जावळ काढायचं तर मांडी मामाची लागते, आणि तो मामा मी. पण पोरगा दीड वर्षाचा झाला तरी डोक्यावर काढण्यासारखं काही नव्हतं. नुसती पांढुरकी लव.

बहिणीचं सासर बजाजनगरात. दुष्काळाचं साल, वस्ती मात्र वाढतच चाललेली, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. तिच्या सासूबाईंनी निदान करून टाकलं होतं, "टँकरच्या पाण्यानं पोराचे केस खाल्ले. लई खारं पाणी." गल्ली माना डोलवायची. बहीण टँकरच्या रांगेत हंडा लावायची.

मी तेव्हा विद्यापीठात उंदरांच्या गर्भाच्या त्वचेवर पीएचडी करत होतो. केसाचं मूळ कसं तयार होतं, हाच विषय. त्यामुळे राहवेना. जावळाचं ठरवायला सगळे जमले, तेव्हा मी पाण्याची बाजू घ्यायला निघालो. म्हणालो, केसांच्या जागा आईच्या पोटातच ठरतात. त्वचेचा वरचा आणि खालचा थर एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात. निरोप पोचला की तिथं ठिपक्याएवढा उंचवटा येतो, तो आत वाढत जातो आणि त्यातून केस उगवतो. याच्या अंगात त्यातला एक निरोप तयारच होत नसावा. घामाच्या ग्रंथींना आणि दातांनाही तोच लागतो, म्हणून याला घाम येत नाही. उन्हात जपा.

"मग हे आलं कुठून?" दाजींनी विचारलं.

इथं तोंड आवरायला हवं होतं. मी म्हणालो, हा दोष बहुधा आईकडून येतो. वर पुरावा म्हणून बहिणीचे कधीच न उगवलेले दोन दात सांगितले. परीक्षेत अवघड प्रश्नाचं उत्तर आल्यासारखा खूश होतो मी.

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी तुमच्याच घरचं हाय व्हय हे. अन् पोरगी दाखवताना नाय सांगितलं?"

त्या घरात पाण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. त्याच उन्हाळ्यात बहिणीला पोरासकट कन्नडला माहेरी, आईकडं आणून सोडलं. त्या माणसांची मला चीड आहेच, पण त्याहून जास्त माझी स्वतःची आहे. आई एकच, दोष बहिणीच्या वाट्याला आला, मी सुटलो. त्याच विषयावर मी डॉक्टर झालो.

भेटायला गेलो तेव्हा ती पोराच्या अंगावर ओला पंचा टाकत होती. मी खोटं काही बोललो नव्हतो, असं तिला समजावू लागलो. तिनं वर पाहिलं नाही.

"खरं होतं तर मला एकटीला सांगायचंस, दादा," ती म्हणाली. "ते पाण्याला शिव्या देत होते, तोवर मी नांदत होते."