चाकामागचं रबर

खाणीवरच्या वर्कशॉपात त्याला सगळे मामा म्हणायचे. खरं तर सख्ख्या बहिणीला मूलबाळ नव्हतं, तेव्हा तो कुणाचाच मामा नव्हता. पंचवीस वर्षं वेल्डिंग करून भुवया अर्ध्या जळालेल्या, बोलणं मोजकं, आणि काम असं की त्याने लावलेला जोड तोडायलाही त्यालाच बोलवावं लागे.

खाणीत तेरा ट्रेलर होते. खडी भरून न्यायची, हौदा वर करून ओतायची, परत यायचं. प्रत्येकाच्या मागच्या चाकांमागे जाड रबराचा एकेक फ्लॅप लोंबत असे, चाकाने उडवलेला दगड मागून येणाऱ्याला लागू नये म्हणून. पण हे रबर काही टिकत नसे. ओतलेली खडी घरंगळत चाकापर्यंत यायची, फ्लॅपचं खालचं टोक तिच्याखाली गाडलं जायचं, आणि ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली की बोल्टांसकट फाटून तिथेच राहायचं. ड्रायव्हरच्या ते गावीही नसे.

एका मंगळवारी सकाळी सात नंबरच्या ट्रेलरचा डावा फ्लॅप असाच गेलेला मामाने पाहिला. त्याचे दोन्ही हात जॅकवर चढवलेल्या दुसऱ्या गाडीखाली तेलात बुडालेले होते. ड्रायव्हरने विचारलं, फेरी मारून येऊ का? मामा म्हणाला, "ये जाऊन. संध्याकाळी लावून टाकू."

दुपारी त्याच्या ताईच्या शेजाऱ्याचा फोन आला. ताई शिवणकाम करायची. कापड आणायला स्कूटरवरून बाजारात गेली होती. येताना पुढच्या ट्रेलरच्या चाकातून दगड उडाला आणि हेल्मेटची काच फोडून उजव्या डोळ्यात गेला.

डोळा वाचला नाही. तिसऱ्या दिवशी ताईला बोलता येऊ लागलं, तेव्हा तिने मामाचा हात धरून सांगितलं, हिरवा ट्रेलर होता, मागे पांढऱ्या रंगात सात काढलेलं होतं. "दोन्ही डोळ्यांनी पाहिलेलं शेवटचं तेवढंच बघ, बारक्या." मग जरा थांबून तिने विचारलं, "तुमच्यातला तर नव्हता ना?"

हिरवे ट्रेलर त्या रस्त्यावर आणखी दोन खाणींचेही धावत. मामा म्हणाला, "नाही गं."

आई गेल्यावर याच बहिणीने मशीन चालवून त्याला वाढवलं होतं. तिची काजं बघायला लोक लांबून यायचे. आता सुईत दोरा ओवायला तिला पाव तास लागे, आणि ओवला म्हणून ओढावा तर तो सुईच्या बाजूने गेलेला असे. मामा समोर बसून बघत राही. ओवून देतो म्हटलं तर ती सुई देत नसे.

त्यानंतर मामाने त्या रबराचा ध्यासच घेतला. आधी त्याने दुप्पट जाड रबर लावलं. ते फाटलं नाही, पण ज्या पट्टीवर टांगलं होतं ती पट्टीच उखडून आली. मग रबर आखूड कापलं. ते गाडलं जाईना, पण खालून दगड सुटू लागले. त्याने स्वतः स्कूटर घेऊन गाडीमागे जाऊन पाहिलं आणि त्याच दिवशी ते काढून टाकलं. शेवटी त्याने फ्लॅपच्या खालच्या टोकाला साखळी अडकवली, ती एका लहानशा चाकावरून नेऊन हौद्याच्या पोटाला जोडली. हौदा वर गेला की साखळी ओढली जाई आणि फ्लॅप आपोआप वर उचलला जाई. हौदा खाली आला की फ्लॅपही आपल्या जागी. ड्रायव्हरला खाली उतरायला नको की काही लक्षात ठेवायला नको.

रविवार मोडून त्याने तेराही गाड्यांना साखळ्या बसवल्या. मामाने गाड्यांना पैंजण घातले म्हणून ड्रायव्हर हसले. पण सहा महिने एकही फ्लॅप फाटला नाही.

मग नवे साहेब आले. तरुण, हुशार, आवाज चढवून न बोलणारे. एका गाडीची साखळी अडकून हौदा खाली येईना, अर्धा दिवस गाडी उभी राहिली. साहेबांनी मामाला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की या भानगडीपेक्षा सोपा उपाय आहे. फ्लॅपच काढून स्टोअरमध्ये ठेवायचे. तपासणी असेल त्या दिवशी लावायचे. फाटायचा प्रश्नच मिटला.

मामाने दगडांचं सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, मागच्यांनी अंतर ठेवून चालवावं.

नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. दोन दिवसांत त्याने स्वतःच्या हाताने अकरा गाड्यांचे फ्लॅप उतरवले. तिसऱ्या दिवशी तो कामावर न जाता ताईकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. सात नंबर, संध्याकाळी लावू म्हटलेलं, दवाखान्यातलं खोटं, साहेबांचा नवा हुकूम, सगळं.

ताईने मशीन थांबवलं. बराच वेळ तिने कापडावरची घडी बोटाने सरळ केली.

"आणि आता ते काढतंय कोण?" तिने विचारलं.

"मीच."

तिने पुन्हा मशीन सुरू केलं, तेव्हा मामा उठला आणि तडक खाणीवर गेला. सगळ्यांसमोर त्याने साहेबांना सात नंबर तसाच सोडल्याचं आणि बहिणीच्या डोळ्याचं सांगितलं. साहेबांनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. मग ते हळूच म्हणाले, "पण मामा, त्या दिवशी गाडी तशीच सोडली ती तुम्हीच ना?"

मामा ग्लास खाली ठेवून बाहेर पडला. उरलेल्या दोन गाड्यांचे फ्लॅप दुसऱ्या फिटरने काढले. साखळ्या भंगारात गेल्या.

मामा अजून तिथेच आहे. या वयात दुसरीकडे कोण घेणार? दर रविवारी तो ताईकडे जातो. ती आता बारीक काम घेत नाही. पडदे, उशांचे अभ्रे, असलं सरळ शिवणीचं करते. ती दार उघडते, चहा ठेवते, दोघं समोरासमोर बसतात, तो शिवून झालेल्या कापडाचे दोरे कापून देतो. वर्ष होऊन गेलं, त्या गोष्टीबद्दल तिने चकार शब्द काढलेला नाही. तिच्याकडे जाताना वाटेत तो दर वेळी ठरवतो की आज विचारायचंच, तुझ्या मनात माझ्याबद्दल काय आहे. आणि कात्री हातात घेऊन बसला की त्याला वाटतं, नकोच. न विचारता निदान इथे येता तरी येतं.