हरिदासमामाला मिळालेलं क्वार्टर

हरिदासमामाचा फोन आला की पलीकडच्याला आधी सावधानमध्ये उभं राहावं लागायचं. "हां, नायक हरिदास बोल रहा हूँ," एवढं झाल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही. आई म्हणायची, "अरे, बहीण आहे मी तुझी. मला रँक कशाला सांगतोस?" "सवय गं अक्का," तो म्हणायचा, आणि त्याच कडक आवाजात विचारायचा, "दाजी कसे हायत?"

तो आईचा मावसभाऊ, साताऱ्याकडच्या गावचा, फौजेत ड्रायव्हर. लग्नापासून प्रभावतीमामी गावी आणि हा कधी जम्मूत, कधी जैसलमेरला. मुलगी वृंदा लहान असताना सुट्टीवर आलेल्या बापाला "काका, पाणी देऊ?" म्हणाली होती. हा किस्सा मामा स्वतःच रंगवून सांगायचा. हसणारे हसायचे. त्याचं हसू मात्र मध्येच कुठेतरी संपून जायचं.

यंदा दिल्ली कॅन्टमध्ये त्याचा फॅमिली क्वार्टरचा नंबर लागला. नंबर सोडला तर पुन्हा रांगेच्या शेवटी, आणि तोवर बदली. वृंदाचा आठवीचा निकाल लागला तशी त्याने दोघींना गाडीत बसवून आणलं. खोलीला रंग दिला. मुलीसाठी टेबल आणलं, त्यावर वाकडा होणारा दिवा.

रविवारी तिघं दिल्लीतच लक्ष्मीबाई नगरला आमच्याकडे जेवायला आले. माझे बाबा केंद्र सरकारात अधिकारी, त्यामुळे जेवतानाही मुद्द्यावर. "हरिदासराव, शाळेची चौकशी केलीत ना?"

"त्यात काय करायची, दाजी? पोरगी आठवी पास हाय. पहिल्या नंबरानं. नववीत बसंल."

"अहो, तिकडचा सिलॅबस वेगळा, बोर्ड वेगळं."

"आठवी म्हंजे आठवी. मी जम्मूला नायक, तर जैसलमेरलाबी नायकच. गेटवर कुणी म्हणलं न्हाई, तुझी परत परीक्षा घेतो."

"पप्पा, शाळेला गेट असतं, पण सलाम नाही ठोकत कुणी," वृंदा म्हणाली. आम्ही हसलो. मामा सगळ्यांत जास्त.

शाळेने परीक्षा घेतली. पेपर हिंदी आणि इंग्रजीत. वृंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेली, आणि विज्ञानातले दोन धडे तर तिला कधी नव्हतेच. निकालाला मामाने मला नेलं, इंग्रजी बोलायला. त्याची गरजच पडली नाही. मॅडम गोड आवाजात, प्रत्येक वाक्याच्या शेवटी साखर घातल्यासारखं बोलत होत्या. "देखिए भाईसाहब, बच्ची होशियार है, बिल्कुल है. बस हमारे लेवल पे नहीं है. एट्थ में बिठा देते हैं. बेस बन जाएगा."

"जी, वो तो पास हो गई, मैडम."

"हाँ जी, वहाँ की पास है ना."

मामा "जी" म्हणाला. बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, "वहाँ की म्हंजे?"

त्या संध्याकाळी तिघं पुन्हा आमच्याकडे होते, आणि बाबा तावातावाने बोलत होते. "हाच तर पॉइंट आहे. सगळ्या राज्यांनी सरकारी शाळांसाठी देशाचा एकच दर्जा मान्य केला असता, तर या पोरीवर ही वेळ आली नसती."

"एकच म्हणजे कुणाचा?" आईने विचारलं. "दिल्लीचाच ना? मग तिच्या बाईंनी मराठीतून शिकवलं ते गेलं पाण्यात."

"पुस्तकं मराठीत काढा की. दर्जा एक ठेवा."

"काढतील तेव्हा."

मला दोघांचंही पटत होतं. मामा एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघत होता, चौकात सिग्नल बंद पडल्यावर बघतात तसा. शेवटी वृंदाच म्हणाली, "काका, मी आठवी पास आहे की नाही, एवढंच सांगा."

बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"एका वर्षाचं काय एवढं?" मामी म्हणाली. "बसू दे आठवीत. तुमच्याजवळ तरी राहील."

मामाच्या मनातलंच ती बोलली होती. मामाने मुलीकडे पाहिलं. वृंदा खाली बघत म्हणाली, "मी बसते, पप्पा. तुम्ही म्हणाल तर."

त्याने फक्त हो म्हणायचं होतं.

त्याने अंगठ्याने गुडघा चोळला. मग आईला म्हणाला, "अक्का, आमच्यात कुणाची रँक काढायची तर आधी चार्ज लावतात. त्याला उभं करून सांगतात, तू हे केलंस. हिला काय सांगू मी, हिनं काय केलं?"

वृंदाने तोंडावर ओढणी धरली.

जूनमध्ये, गावची शाळा उघडायच्या आधी, निजामुद्दीनहून मायलेकी परत गेल्या. नववी, दहावी तिकडेच. तोवर मामाची बदली दुसरीकडे, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी "परत ये" म्हणालं नाही. वृंदा खिडकीतून म्हणाली, "टेबल विकू नका, पप्पा." "बघतो," तो म्हणाला.

फॅमिली नाही तर क्वार्टर नाही. सामान आवरायला मी आणि आई गेलो होतो. टेबल आमच्याकडे न्यायचं ठरलं. पुढचा नंबर मधुबनीच्या एका शिपायाचा होता. तो खोल्या बघून खुशीत होता.

"रंग तो एकदम नया है, सर. स्कूल पास में है ना? बच्ची सातवीं में जाएगी."

"पास में है," मामा म्हणाला. मग म्हणाला, "लाने से पहले यहाँ की किताब मँगवा के देख लेना."

"सातवीं की किताब है, सर. उसमें क्या देखना?"

मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याला नळाकडे घेऊन गेला आणि पाणी किती वाजता येतं ते सांगू लागला.