चार देवळांची एक गर्दी

"नारळ बाहेर! नारळ बाहेर ठेव रे भो! आठे कोनी नारळ फोडत नही!"

नाना वेदीच्या पायरीवर उभे राहून ओरडले, आणि देवळाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट गुजरातच्या हद्दीत जाऊन बसली. नारळवाला आमच्या गल्लीतला पाटील. धुतलेला सदरा, कपाळावर ताजा गंध. तो बिचारा नारळ पोटाशी धरून म्हणाला, "नाना, देवना दारे रिकामा हाते कसं येवानं?"

"आमच्यात तसंच येतात. गंध पुस. टोपी काढ. मी उठा म्हटलं की बठ्ठा उठा, बसा म्हटलं की बठ्ठा बसा. शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन. इतकंच काम आहे."

"टाळ्या कव्हय वाजाडानं?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"टाळ्या नाहीत! ही काय प्रचारसभा आहे?"

"मंग जेवन बी नही का?"

सगळं देऊळ हसलं. नानांनी हातातलं उपासनेचं पुस्तक हवेत असं फिरवलं की पहिल्या बाकावरच्या तिघांनी डोकी खाली घातली. पाटील नारळ बाहेर पायरीवर ठेवून आला आणि म्हणाला, "तुमना देव भारी कडक शे, नाना."

ही रंगीत तालीम होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्हाला बघायला पाळकसाहेब येणार होते.

नाना म्हणजे माझे मोठे काका. छाती बैलाची, आवाज भोंग्याचा. ते प्रार्थनेत देवाला हाक मारतात तेव्हा पिंपळनेरच्या स्टँडवर कंडक्टर घंटी मारून गाडी सोडतो, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. आम्ही पिंपळनेरच्या पलीकडचे ख्रिस्ती. पणजोबांच्या काळी घोड्यावरून फिरणाऱ्या एका गोऱ्या साहेबाने चार गावांत चार देवळं बांधली. चर्च हा शब्द आम्ही शाळेत शिकलो, घरात देऊळच. बांधताना त्याला वाटलं असेल, पोरंबाळं वाढतील, देवळं भरतील. पोरंबाळं वाढली आणि सुरतला, नाशिकला, पुण्याला गेली. चार देवळांत मिळून उरलेली मंडळी माझ्या कांद्याच्या पिकअपमध्ये मावायची, आणि वर दोन पोती कांदाही.

चार देवळांना मिळून एक पाळक. तेही निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले, आणि त्यांच्या जागी यायला कोणी तयार होईना. वरून, चर्चच्या मोठ्या कचेरीतून, उत्तर यायचं, तुमच्या ओळखीत कोणी राजी असेल तर कळवा, लगेच पाठवतो. म्हणजे मुलीच्या बापाने जोडे झिजवावेत तसं आम्ही पाळक शोधत फिरायचं. शेजारच्या तालुक्यातले साहेब आमच्यावर नजर ठेवून होते, पण त्यांच्या गळ्यात त्यांचीच इतकी गावं की ते नाताळला यायचे आणि ईस्टरला यायचे. बाकी वर्षभर नाना. प्रार्थना नाना, उपदेश नाना, मयतही नानाच करायचे. फक्त एक गोष्ट नानांना करता येत नव्हती. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला. तो आशीर्वाद दीक्षा घेतलेल्या पाळकानेच द्यायचा; दुसऱ्याने दिला तर ती नुसती भाकर आणि नुसता द्राक्षरस.

आणि काकूला नेमकं तेच हवं होतं.

काकू म्हणजे नानांची बायको. माझी आई मी रांगत असताना गेली. मला काकूने वाढवलं, म्हणून ती माझी आईच, फक्त हाक काकू. ती मिशनच्या जुन्या दवाखान्यात नर्स होती. चार गावांतली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मली, आणि उरलेल्या अर्ध्यांना तिने सुया टोचल्या. पाटलाला तर तिने पायाला धरून उलटा करून रडायला लावला होता; तेव्हापासून तो गप्प झालेला नाही. दिवाळीत ती अंगणात पडली, खुबा मोडला, मग हृदयाने कुरकूर सुरू केली. नाताळला साहेब आले तेव्हा ती धुळ्याला दवाखान्यात होती. घरी आणली तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, जे खायचं असेल ते खायला द्या. तिला खायचं होतं ते आमच्यापैकी कोणाला देता येत नव्हतं.

एकदा मी म्हणालोसुद्धा, "काकू, नानांच्याच हातून घे ना. देव काय दाखला मागणार आहे?"

तिने नानांकडे बघितलं. "यास्ले चहा करता येत नही, या देवनी पंगत काय वाढतीन!"

नाना ओरडले नाहीत. उठून बाहेर गेले आणि सुचेल त्याला फोन लावत बसले.

त्याआधी, काकू धुळ्याला असताना, एक पाळक येऊन गेले होते. तरुण, चेहऱ्यावर नवीकोरी दाढी. त्यांनी आमच्या देवळात डोकावलं तेव्हा आत सात माणसं होती आणि एक शेळी. शेळी नियमित यायची, ती गोष्ट वेगळी. साहेबांनी चहा घेतला, मुलांच्या शाळेची चौकशी केली आणि जाताना म्हणाले, "इथे मंडळीच नाही, नाना. मी कोणाला सांभाळू?"

ते वाक्य नानांच्या काळजात घुसलं. महिनाभर ते तेच चघळत होते. मग भुसावळकडचे एक वयस्कर साहेब बघायला यायला तयार आहेत असं कळलं. एकटा माणूस, बायको वारलेली, मुलाबाळांच्या शाळेची भानगड नाही. नानांनी मांडीवर थाप मारली. "या वेळी मंडळी दाखवायची. अशी दाखवायची की माणूस म्हणाला पाहिजे, मला इथेच पुरा."

अख्खा गाव तयार झाला. काकूसाठी म्हटल्यावर कोणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. प्रत्येक गावातल्या शेजाऱ्यांनी आपापल्या गावचं देऊळ भरायचं. पाटील, भिल, बांगड्या विकणारा चाचा, सगळे. गाणी ज्यांना पाठ, त्या आमच्या खऱ्या मंडळीला मी पिकअपमध्ये घालून साहेबांच्या पुढे पुढे पळवायचं. सोनगीरला तांबटाकडे जाऊन मी प्याला आणि ताटली अशी चकाकवून आणली की उन्हात धरली असती तर विमानं उतरली असती. काकूने प्याला हातात घेतला, त्यात स्वतःचा चेहरा बघितला आणि विचारलं, "इतली माणसं कसाले? त्याले मन्हाकडे येवाले येळ ऱ्हाई का?"

"सगळ्यांत शेवटचं देऊळ आपलं," नाना म्हणाले. "तिथून थेट तुझ्याकडे. देवळात नुसती प्रार्थना, प्रभुभोजन घरी."

हेही त्यांनी विचार करूनच ठरवलं होतं. देवळात प्रभुभोजन ठेवलं असतं तर एक तर सगळा गाव प्रसाद म्हणून रांगेत उभा राहिला असता, नाहीतर खरे सातजण पुढे आले असते आणि पितळ उघडं पडलं असतं.

रविवार उजाडला. साहेब उतरले. बारीक माणूस, जाड भिंगाचा चष्मा, आवाज इतका हळू की त्यांच्या बोलण्यापेक्षा माझी पिकअप बंद असताना जास्त वाजते. पहिल्या देवळात आत पाऊल ठेवलं आणि अडीचशे माणसं धाडकन उठली. साहेब दचकून एक पाऊल मागे आले. नाना माझ्या कानात म्हणाले, "बघ, कसा भारावला!"

दुसऱ्या गावात वाजंत्री. तिसऱ्यात सरपंचाचं भाषण, शाल, श्रीफळ (नारळ शेवटी आत शिरलाच), आणि जेवायला शेवभाजी अशी की खाणाऱ्याने डोळ्यांतून धूर सोडावा. साहेब प्रत्येक दारात उभे राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होते. तशी त्यांची रीतच असावी. तो हात हळूहळू जड होत गेला. मी मधल्या वाटेने, नदीच्या कोरड्या पात्रातून पिकअप हाणत होतो. मागे आमची माणसं एकमेकांच्या मांडीवर बसून वरच्या पट्टीत गात होती. नदीत उरलेल्या डबक्यातल्या म्हशीसुद्धा उठून उभ्या राहिल्या.

आमच्या देवळात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गर्दी खिडक्यांत चढलेली. पाटील टोपी काढून पहिल्या बाकावर, आणि आमेन असं म्हणाला की मयत उठून बसलं असतं. साहेबांनी आशीर्वाद दिला, दारापर्यंत आले, चार-पाच हात हातात घेतले आणि चौकटीला धरून खाली बसले. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. पाणी दिलं. कोणी वारा घातला. ज्यांच्या गाडीतून ते आले होते ते म्हणाले, यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, आता मी यांना एक क्षण थांबू देणार नाही.

"घरात एक आजारी बाई आहे," नाना म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "दहा पावलांवर."

साहेबांनी उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. "मी परत येईन तेव्हा पहिलं घर तेच," ते म्हणाले, आणि गाडीचं दार लागलं.

मी घरी गेलो. काकू उशीला टेकून बसली होती. निळ्या काठाचं पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, स्टुलावर पांढऱ्या कपड्यावर तो प्याला. सकाळपासून तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. प्रभुभोजनाआधी पोट रिकामं ठेवायचं, असं तिला लहानपणी शिकवलेलं. मी काय झालं ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, साहेबांना आता बरं वाटतंय का विचारलं, आणि मग म्हणाली, "मंग मी आते जेऊ का?"

मी भात कालवून दिला. तिने दोन घास खाल्ले.

पुढच्या आठवड्यात वरून निरोप आला, त्या साहेबांना जमणार नाही. कारण काही नाही. नाना ओट्यावर बसून हिशेब लावत राहिले. "गर्दी कमी पडली. तिसऱ्या देवळात मागचे दोन बाक रिकामे होते. मी सांगितलं होतं, सरपंचाला म्हण, बचतगट आण." कोणीही आलं की तेच दोन बाक. मी म्हणायचो, "नाना, तब्येत बरी नव्हती त्यांची." ते म्हणायचे, "मंडळी बघून मेलेला पाळक उठतो रे."

ईस्टरला शेजारच्या तालुक्यातले साहेब येणार होतेच. काकू त्या दिवसाची वाट बघत राहिली. प्याला स्टुलावरच होता. कोणी उचलायला गेलं की ती नुसती बघायची, आणि उचलणारा ठेवून द्यायचा. ईस्टर तोंडावर आला असताना एका सकाळी मी चहा घेऊन गेलो, आणि चहा हातातच राहिला.

मयत नानांनी केलं. त्या दिवशी मला पिकअप काढावी लागली नाही. चारही गावं चालत आली. देऊळ भरलं, अंगण भरलं, रस्ता भरला. माणसं शेताच्या बांधावर उभी होती, आणि यात मी एक माणूससुद्धा वाढवून सांगत नाही. उठा आणि बसा कोणी म्हणालं नाही. पाटलाने नारळ आणला होता. तो त्याने स्वतःच बाहेर पायरीवर ठेवला. नाना पुस्तकातून वाचत होते आणि त्यांचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नव्हता.

कांदा काढणीच्या दिवसांत, एका साध्या रविवारी, भुसावळकडचे साहेब न कळवता आले. आता ते तिकडेच एका वृद्धाश्रमात राहून तिथल्या म्हाताऱ्यांची उपासना चालवतात. काकूचं त्यांना उशिरा कळलं होतं. सगळा गाव शेतात; देवळात आम्ही सातजण आणि ती शेळी. साहेब दारात थांबले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं, आणि काही न विचारता वेदीकडे गेले. मी घरून प्याला आणला. प्रभुभोजन झालं. नानांनी गुडघे टेकले, दोन्ही तळवे पुढे केले आणि भाकरीचा तुकडा तळहातावर बराच वेळ तसाच धरून ठेवला.

नंतर पायरीवर बसून साहेबांनी विचारलं, "बाकीची मंडळी कुठे आहे?"

नानांनी सगळं सांगितलं. तालीम, पाटलाचा नारळ, माझी पिकअप, नदीतल्या म्हशी. सांगता सांगता त्यांना जुना आवाजही सापडला, हातवारे आले. शेवटी ते म्हणाले, "पण दोन बाक रिकामे राहिले, साहेब. ते भरले असते तर तुम्ही नाही म्हणाला नसता."

साहेब आमच्या सातजणांकडे बघत होते.

"मी एवढ्याच मंडळीच्या शोधात होतो, नाना."