आक्काच्या घरापर्यंत पळत

पळायला लागलो तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. जालन्यातल्या कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी. दिवसभर खुर्ची, आणि वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला शिडी चढलो तरी दम लागायचा. शरीराचा मी कधी फारसा विचार केला नव्हता. त्यानं खुर्चीत बसावं आणि मी वाचावं, असा आमच्यात जुना समझोता होता. तो आक्कामुळे मोडला.

आक्का माझी थोरली बहीण, अंबडला दिलेली. आई लवकर गेली. शाळेत जाताना माझा भांग आक्कानं पाडला, तापात माझ्या कपाळावर पट्ट्या तिनं ठेवल्या. पन्नाशी ओलांडल्यावर तिच्या दोन्ही किडन्या हळूहळू निकामी झाल्या. ठरल्या दिवशी दाजी तिला एसटीनं जालन्याला डायलिसिसला आणत. दिवसभराचं पाणी सकाळीच एका लहान तांब्यात काढून ठेवलेलं असे, आणि तेवढ्यावर तिला दुसरी सकाळ गाठावी लागे. उन्हाळ्यात ती ओला रुमाल ओठांवर धरून बसायची.

घरातल्या कुणी किडनी दिली तर बरं, असं डॉक्टर म्हणाले. दाजींना जुना मधुमेह. त्यांना मूलबाळ नव्हतं. उरलो मी. बायकोशी बोललो. ती म्हणाली, "विचारता कशाला? जाऊन तपासून या." रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. शेवटी मोठ्या शहरातल्या, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं.

"सर, तुमची किडनी चांगली आहे," ते म्हणाले. "तिच्याभोवतीचे तुम्ही चांगले नाही."

वजन बरंच जास्त होतं, साखर काठावर. दोन्ही खाली आल्याशिवाय ते मला ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नव्हते. माझ्याकडे किती वेळ आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या बहिणीकडे असेल तेवढा."

मी चालायला सुरुवात केली. चार दिवस चालायचो, पाचव्या दिवशी थंडी, सहाव्या दिवशी परीक्षा. व्यायामावरची पुस्तकं मात्र नेमानं वाचली. आमच्या गल्लीत समोर बियाण्यांचा धंदा असलेले एक मारवाडी शेठ राहतात. पोट माझ्याएवढंच होतं, पण ते पळायला लागून दोन वर्षं झाली होती. मला पुस्तक घेऊन ओट्यावर बसलेलं पाहून ते एकदा थांबले.

"सर, वाचून वजन उतरत असतं तर तुम्ही आज उडाले असते."

मी हसलो. त्यांना आक्काचं सगळं सांगितलं. ते ओट्यावर टेकले.

"मंग असं करा. हिवाळ्यात मोठी शर्यत हाये, बेचाळीस किलोमीटरची. आपण दोघंबी नाव टाकू. तब्येतीसाठी माणूस अंथरूण सोडत न्हाई सर, इज्जतीसाठी सोडतो. आणि सगळ्या गल्लीला सांगून टाकू, म्हणजे मागं फिरायची सोयच न्हाई."

त्यांनी खरंच सगळ्या गल्लीला सांगितलं.

सुरुवातीला आम्ही एमआयडीसीच्या रस्त्यानं पळायचो. लोखंडाच्या कारखान्यांची रात्रपाळी तेव्हा सुटत असे. काळवंडलेल्या चेहऱ्याचे कामगार मोटारसायकलवरून घरी जात. एकानं गाडी हळू करून मला विचारलं, "काका, एसटी चुकली का? सोडू स्टँडला?" मला बोलायलाही श्वास नव्हता. शेठच म्हणाले, "नको रे भाऊ, सर वजन सोडायला निघालेत." तो मागे वळून वळून पाहत गेला. कॉलेजात लोक हलक्या आवाजात विचारू लागले, "सर, शुगर निघाली का?" आमच्याकडे माणूस उतरला की पहिला संशय तोच.

पावसाळ्याच्या शेवटाला माझा दम वाढला. वजनही उतरू लागलं होतं. रविवारी लांब पळायचं असं शेठनी ठरवलं, तेव्हा मी अंबडचा रस्ता निवडला. शेठ अर्ध्यातून मागे फिरत, मी पुढे जाई. रस्त्याच्या टोकाला आक्काचं घर आहे, एवढ्यावर शेवटचे काही किलोमीटर निघत. दोन्हीकडे कपाशी, मधूनच मोसंबीच्या बागा, आणि मागून येणाऱ्या टेम्पोंचे हॉर्न.

पहिल्या रविवारी मी दारात पोचलो तेव्हा आक्कानं पाय शेकायला गरम पाणी काढून ठेवलं होतं. मग ताट आलं. तुपात बुडवलेल्या बट्ट्या, वरण, शेंगदाण्याची चटणी, वरून शिरा. तिला स्वतःला त्यातलं काहीही चालत नव्हतं. मीठ मोजून, डाळ मोजून, फळं बंद. ती समोर पाट घेऊन बसली आणि मी खाताना पाहत राहिली.

"अजून एक घे."

"आक्का, बास."

"एवढं पळत आला. कुणासाठी आला? घे."

जिला खाता येत नाही तिनं वाढलेलं मी कसं नाकारणार? मी खाल्लं. दुपारच्या एसटीनं पेंगत जालन्याला आलो. पुढच्या रविवारी धपाटे आणि लोणी. त्याच्या पुढच्या रविवारी पुरण. मी दर आठवड्याला आधीपेक्षा चांगला पळत होतो आणि काटा जागचा हलत नव्हता.

"सर, तुम्ही चरबी जाळायला पळून राह्यले की भूक लावायला?" शेठ म्हणाले.

तपासणीला गेलो तर वजन उलट थोडं वर गेलं होतं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. त्याच महिन्यात डायलिसिस चालू असताना आक्काचा रक्तदाब एकदम उतरला आणि तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं.

त्यानंतरच्या रविवारी दाजी मला अंबडच्या बसस्थानकावर सोडायला आले. दाजी मितभाषी माणूस. कोर्टात कारकुनी केलेली, त्यामुळे असेल, बोलण्याआधी इकडंतिकडं पाहून घेत. एसटीला उशीर होता. चहा पिताना ते कपाकडे बघत म्हणाले, "भाऊ, तुम्ही तिच्या हातचं खाऊ नका."

मला समजेना.

"ती मुद्दाम करून राह्यली. तुमच्या ताटात तूप हात सैल सोडून घालते. तुम्ही गेल्ते ना मागच्या वेळी, मंग म्हणली मला, एवढ्यात काही याचं वजन उतरत न्हाई, तोवर मी सुटले." त्यांनी चहा तसाच बाकावर ठेवला. "मी नवरा हाये तिचा. मला ती पाह्यजे. पण तुम्हाला सांगायची मला चोरी. तिनं शपथ घातली होती."

एसटी आली. मी तिच्यात बसलो आणि जालन्यापर्यंत मला पोटातलं अन्न जड लागत राहिलं.

पुढच्या रविवारी मी पळत गेलो, पण घरात शिरलो नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. आतून बट्ट्यांचा वास येत होता.

"ये की आत. पाणी काढलंय."

"आक्का, मी जेवणार नाही."

तिनं दाजींकडे पाहिलं. दाजींनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

"सांगितलं व्हय यांनी."

"का करतेस असं?"

"का म्हणजे?" ती दाराला टेकली. "तुला मी कडेवर घेऊन वाढवलं. तुझं पोट फाडून मी जगू? वर गेल्यावर आईनं विचारलं, तर काय सांगू? की तुझ्या पोराचा एक तुकडा घेऊन आले म्हणून?"

"आई विचारील तेव्हा मी सांगीन तिला."

"तू काय सांगतो! तुला आई आठवत तरी हाये का बराबर?"

हे खरं होतं. ती आत जाऊन ताट घेऊन आली आणि माझ्यापुढे धरलं. मनगटाच्या वर, सुया टोचून टोचून जिथे शीर दोरीसारखी फुगली होती, तिथली कातडी काळी पडली होती.

"बहिणीच्या दारातून उपाशी जाऊ न्हाई, बाबा."

मी पाणी मागितलं. पाणी प्यायलो आणि निघालो. मागून ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर मी अंबडला पळत जायचो आणि गावाबाहेरच्या पेट्रोल पंपाशी वळून एसटी पकडायचो. आक्काच्या दारी गेलो तर मी खाणार, हे मला माहीत होतं. तिला कुणीतरी सांगितलंच. तिनं दाजींबरोबर निरोप पाठवला, "शिवेवरून माघारी जातो म्हणे. बहीण मेली का त्याची?" भाऊबीजेला मी गेलो. तिनं ओवाळलं, पण सुपारी हातात देताना माझ्याकडे पाहिलं नाही. मी फक्त साखरेचा कण जिभेवर ठेवला.

वजन मात्र उतरत गेलं. सदरे अंगावर लोंबायला लागले. बायकोनं ते शिंप्याकडून आत घेऊन आणले.

शर्यतीच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. पहाटे हजारभर माणसं एकमेकांना खेटून उभी होती, त्यांतली बरीचशी माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची. अर्ध्या अंतरापर्यंत मी ठीक होतो. पुढे ऊन चढलं, शेठ पुढे निघून गेले, आणि तिसाव्या किलोमीटरनंतर माझे पाय माझे राहिले नाहीत. पळणं संपलं, चालणं सुरू झालं. पाण्याची टेबलं आवरायला लागले होते.

शेवटच्या टप्प्यात, रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर मला आक्का दिसली. कानाला स्कार्फ, अंगावर दाजींचा स्वेटर. दाजी शेजारी उभे. ते येणार आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"काय अवतार झालाय," ती म्हणाली. "बस इथं. बास झालं आता. कुणी बक्षीस देऊन न्हाई राह्यलं तुला."

"बसलो तर उठणार नाही आक्का."

"मंग नको उठू."

मी चालत राहिलो. ती उठली आणि माझ्याबरोबर चालू लागली. मला परत फिरवायलाच आली होती ती, मला नक्की ठाऊक आहे, कारण तिनं माझी बाही धरली होती. पुढच्या विजेच्या खांबापर्यंत आम्ही पोचलो असू नसू. मी अर्धमेला होतो, तरी तिच्या पुढे जात होतो. तिनं बाही सोडली आणि खांबाला हात लावला. तिला श्वास पुरत नव्हता. चेहरा राखेसारखा झाला होता. दाजी खुर्ची उचलून पळत येत होते.

मी थांबलो. ती मला पाहत होती, मी तिला. एवढ्या दिवसांत प्रथमच मला तिच्या डोळ्यांत भीती दिसली. कुणासाठीची नव्हे, स्वतःचीच.

खुर्चीत बसून दम खाल्ल्यावर ती म्हणाली, "जा तू. मी न्हाई म्हणणार न्हाई आता."

मी शर्यत पुरी केली. शेवटच्या रेषेवरची कमान उतरवत होते. शेठ एकटेच टाळ्या वाजवत उभे होते.

उन्हाळ्याच्या आधी शस्त्रक्रिया झाली. त्याआधी अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे तिला विचारलं, भाऊ स्वखुशीनं देतोय का? ती म्हणाली, "त्याच्यासारखा हट्टी माणूस दुसऱ्याच्या खुशीनं काही करत न्हाई." ऑपरेशननंतर काही दिवसांनी मला तिच्या खोलीत नेलं. नर्सनं तिला सांगितलं होतं, आता भरपूर पाणी प्या. तिच्या हातात स्टीलचा पेला होता, काठोकाठ भरलेला. ती एकेक घोट घेत होती आणि प्रत्येक घोटानंतर पेल्यात बघत होती. मला पाहून तिनं पेला खाली ठेवला नाही. पूर्ण प्यायली आणि मगच माझ्याशी बोलली.

पुढची तीन वर्षं ती बरी जगली. कलिंगड खाल्लं, लग्नांना गेली, दाजींशी भांडली. एकच किडनी राहिल्यानं वजन परत वाढू द्यायचं नाही, अशी मला डॉक्टरांची ताकीद होती. म्हणून मी पळत राहिलो, अजूनही पळतो. शर्यतींत मात्र नाव घालत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या छातीत संसर्ग झाला. किडनी सांभाळायच्या औषधांनी अंगातली आजाराशी लढायची ताकद कमी झालेलीच असते. आठवडा पुरा व्हायच्या आत ती गेली. किडनी शेवटपर्यंत चांगली चालत होती, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते समाधान वाटावं म्हणून सांगितलं असेल.

आमच्यात सवाष्ण गेली की तिला शेवटची साडी माहेरची लागते. माहेर म्हणजे मी एकटाच. जालन्याच्या दुकानात हिरवी साडी मागितली. कशासाठी ते कळल्यावर दुकानदारानं दुसरी दाखवायला काढली नाही, मुकाट्यानं बांधून दिली. बायकांनी ती तिला नेसवली. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या कुशीवरच्या वणावर माझा हात गेला होता, हे मला दाजींच्या नजरेवरून कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राख सावडायला गेलो. बाकीची माणसं जरा लांब उभी होती. दाजी आणि मी शेजारी शेजारी उकिडवे बसलो होतो. राखेवर दूध शिंपडलं होतं, ती अजून कोमट होती.

दाजी म्हणाले, "तुमचंबी हाये यात, भाऊ."

मी मान हलवली. मग आम्ही दोघांनी मिळून ओंजळीनं राख मडक्यात भरली. वेगळं काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.