फुकटचं हैदराबाद की लॉजचं विजापूर?

हैदराबाद आम्हाला फुकट पडणार होतं आणि विजापूरला पदरचे पैसे जाणार होते. तरी आम्ही विजापूरला गेलो. आमच्या घरात हे अजून कोणाला पचलेलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहून टाकतो. सोलापुरातून दोघांनीच, स्वस्तात, शनिवार-रविवार कुठे जाता येईल असं शोधत कोणी इथवर आलं असेल, तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात चेकिंगला आहे. दिवसभर टॉवेल उलटेपालटे करून त्यातले दोष काढायचे, हे माझं काम. माझी बायको सुजाता बी.एस्सी. झालेली, एका लहानशा लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. दोघांचाही धंदा खोट काढण्याचा, तरी लग्नाला दोन वर्षं होऊन बरं चाललंय. घर दोन खोल्यांचं. अम्मा, वडील, धाकटा भाऊ आणि आम्ही. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, आणि दोन खोल्यांच्या मधे एक पडदा.

महिन्याभरापूर्वी सुजाताला अकलूजच्या एका डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. कायम नोकरी, पगार दुप्पट, पण राहायचं तिथेच. सोमवारपर्यंत होकार-नकार कळवायचा होता. ती मला विचारायची, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणायचो, "तुझं तू ठरव." मला वाटायचं, काय मोठ्या मनाचा नवरा आहे मी! तिला वाटायचं, हा माणूस अंग काढून घेतोय. यावर नीट बोलायला घरात जागा नव्हती. पडद्याअलीकडे आम्ही कुजबुजलो की पलीकडे अम्माच्या बांगड्या वाजायच्या.

"दोन दिवस कुठेतरी जाऊ," सुजाता म्हणाली. "जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही."

मी लगेच हैदराबाद सुचवलं. रेल्वेची पाच-सहा तासांची वाट, चारमिनार, बिर्याणी, आणि राहायला पिन्नीचं, म्हणजे मावशीचं घर. लॉजचा खर्च शून्य.

"अहो, तिथे पिन्नी आहे," सुजाता म्हणाली.

"म्हणून तर सुचवलं."

"म्हणून तर नको म्हणतेय."

तिचं खरं होतं. आमची पिन्नी म्हणजे मुलुखमैदान तोफ. हैदराबादेत उतरून तिच्याकडे न जाणं हा आमच्यात गुन्हाच. आणि एकीकडे गेलं की बाकीच्या सात-आठ घरी जावंच लागतं, प्रत्येक घरी जेवावं लागतं, आणि "गोड बातमी कधी?" हा प्रश्न भाताबरोबर वाढला जातो. विजापूरला मात्र आमच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. ठरलं. मी शनिवारची रजा टाकली.

निघताना अम्माने सॅकमध्ये एक कोरी चादर कोंबली. "चादर ठेवलीय. वेळ बघून दे," एवढंच म्हणाली. सोलापूरचा माणूस परगावी निघाला की पिशवीत एक चादर असतेच. कोणाच्या घरी पाय ठेवायची वेळ आली तर रिकाम्या हाताने कसं जायचं? सुजाताने मला डोळे दाखवले. मी म्हटलं, "असू दे गं, कोणी नाही भेटलं तर परत आणू."

बाईकवर सकाळी सातला निघालो. विजापूर साधारण शंभर किलोमीटर, रस्ता चौपदरी आणि तुपासारखा. शहर सोडण्याआधी पेट्रोल भरून घ्या, मग जाऊन-येऊन काळजी नाही. टाकळीला भीमेच्या पुलाअलीकडे टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या मामांनी चौकशी केली.

"कुटं निगालाय?"

"विजापूरला. फिरायला."

"कोन हाय तितं?"

"कोणीच नाही."

"मग कशाला निगालाय?" मामांना खरोखर कळेना. "सुट्टी हाय तर घरी निवांत झोपायचं की!"

पूल ओलांडला की कर्नाटक. पाट्यांची लिपी बदलते, बाकी ज्वारी तीच आणि उन्हाचा चटका तोच. वाटेत दोनदा थांबून, गप्पा मारत, अडीच तासांत पोचलो. गप्पा सगळ्या इकडच्या तिकडच्या. अकलूजचा विषय दोघांनीही काढला नाही. एवढी घाई काय, दोन दिवस आहेत, असं मला वाटत होतं.

बसस्टँडजवळ लॉज घेतला. स्वच्छ खोली, गरम पाणी, चालणारा पंखा आणि माझ्या तीन दिवसांच्या मजुरीहून कमी भाडं. दुपारी खानावळीत भाकरी, भरलं वांगं, वर शेंगदाण्याची चटणी. सुजाता म्हणाली, "शंभर किलोमीटर येऊन आपण घरचंच जेवलो." पण जेवण फर्मास होतं आणि कोणी आग्रह करत नव्हतं, हे सुखही काही कमी नाही. तिथून इब्राहिम रोजा पाहिला. गाजावाजा गोलघुमटाचा होतो, पण नाजूक काम बघायचं तर इथे या. सुजाता तिथल्या दगडी जाळीत हात घालून बराच वेळ उभी होती. "संध्याकाळी बोलू या," ती म्हणाली. "आज बोलूच."

"बोलू की," मी म्हणालो.

आणि मग मी माती खाल्ली. संध्याकाळी लॉजवर हातपाय धुऊन टॉवेल घेतला आणि सवयीने किनार उलटून पाहिली. निळी पट्टी, दोन बारीक रेघा. आमच्याच कारखान्याचा माल! वर एका कोपऱ्यात धागा सुटलेला, म्हणजे चेकिंगमधून निसटलेला पीस. आमच्या टेबलावरून असा पीस जातो म्हणजे काय! मी टॉवेल घेऊन तरातरा खाली काउंटरवर गेलो. सुजाता वरून ओरडत होती, "अहो, कुठे निघालात? जाऊ द्या ना तो टॉवेल!"

लॉजचे मालक साठीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. मी टॉवेल पुढे करून म्हटलं, "हा आमचा माल आहे. यात दोष आहे."

तक्रार करायला गेलेला मी. अण्णांनी मला मिठीच मारली. "सोलापूरचे काय तुम्ही! मी दरवर्षी तिथनंच माल आणतो. टॉवेल तुमचे, लॉज आमचा, म्हणजे पाहुणेच झाला की! आज लॉजवर जेवायचं नाय, ऊट आमच्या घरी."

ऊट म्हणजे जेवण. नाही म्हणायची सोय नव्हती. अण्णांचं घर मागच्याच गल्लीत. तिथे अण्णांची बायको, दोन सुना, शेजारच्या दोघी आणि साताठ पदार्थ. एका सुनेने सुजाताला दुसऱ्या मिनिटाला विचारलं, "गोड बातमी कधी?" सुजाताने ताटावरून माझ्याकडे पाहिलं. पिन्नीला चुकवायला शंभर किलोमीटर आलो होतो आणि मी टॉवेल दाखवून तिला इथे शोधून काढलं होतं. निघताना रिकाम्या हाताने कसं निघायचं, म्हणून मी येताना सॅकमधून काढून आणलेली चादर प्लास्टिकच्या पिशवीसकट अण्णांच्या हातात दिली. त्यांनी परतफेड म्हणून डबाभर शेंगाचटणी दिली. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी!

खोलीवर आल्यावर सुजाता पाठ करून अंथरूण झटकू लागली. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"टॉवेलमधला एक धागा दिसतो तुम्हाला," ती म्हणाली, "आणि समोरचं माणूस दिसत नाही." मग कूस बदलून झोपली. मला फार वाईट वाटलं. दोनातला एक दिवस मी स्वतःच्या हाताने घालवला होता.

रविवारी सकाळी सहाला गोलघुमट. आम्ही गेलो तेव्हा सहाला उघडत होतं, तुम्ही निघण्याआधी विचारून घ्या. पण जायचं ते पहाटेच, शाळांच्या सहली यायच्या आधी. एकदा पोरं आली की आत फक्त आरोळ्या घुमतात. तिकीट किरकोळ आहे. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून अरुंद जिन्याने सात मजले चढायचे. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालूनच बघा.

वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. एका बाजूला भिंतीशी पुटपुटलं की समोरच्या बाजूला कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. मीही वाचलं होतं. पण सात मजल्यांनी माझ्या छातीचा भाता असा फुलला होता की मी दाराजवळच भिंतीला टेकून बसलो. सुजाता पुढे निघाली आणि फिरत फिरत पार समोर जाऊन बसली. एवढीशी दिसत होती. तिला तसं लांब, एकटं बसलेलं पाहिलं. तोंडातून आपोआप निघालं, "ही गेली तर मला करमणार कसं?"

समोरची एवढीशी सुजाता ताठ झाली. मग माझ्या कानामागच्या दगडातून तिचा आवाज आला, "एवढंच होतं, तर इतके दिवस बोलला का नाहीत?"

पण आता बोलून गेलोच होतो. मी भिंतीला तोंड लावून म्हटलं, "मी नको म्हटलं असतं तर तू गेली नसतीस. आणि जा म्हणायला जीभ वळत नव्हती."

"मला जायचंय," भिंत म्हणाली. "मला ते काम आवडेल. पण तुम्हाला नको असताना नाही जायचं."

"करमणार नाही म्हटलं. नको नाही म्हटलं."

मग ती म्हणाली, "अकलूज किती लांब आहे हो?"

"इथल्याइतकंच. थोडं जास्त."

"मग काल आलोच की आपण. चहा पीत पीत."

मी जा म्हणणार, तेवढ्यात मधल्या कोनाड्यातून तिसराच आवाज घुमला. "जाऊ द्या की साहेब त्यांना!" गोलघुमटाचा रखवालदार होता. बिचारा डबा उघडून बसला होता आणि त्याला सगळं स्वच्छ ऐकू गेलं होतं. सुजाता हसली आणि ते हसू सात-आठ वेळा फिरून माझ्याकडे आलं. दोघांतच बोलायला जागा हवी म्हणून आम्ही घर सोडलं, आणि बोललो कुठे, तर हिंदुस्थानात जिथे कुजबूजही लपत नाही तिथे. "जा!" मी मोठ्याने म्हणालो. तेही सात-आठ वेळा झालं, त्यामुळे आता शब्द फिरवायची सोय नाही.

दुपारी परत निघालो. टाकळीला मामांनी पुन्हा विचारलं, "काय गावलं का तितं?" सुजाता म्हणाली, "लई गावलं, मामा."

घरी मी अम्मासमोर बसलो. वाटेत भाषण तयार केलं होतं, त्यातलं पहिलंच वाक्य चालू असताना तिने थांबवलं.

"अकलूजला जातेय ना ती? ठाऊक आहे. पडद्याला कान नसतात, पण पडद्यामागच्यांना असतात." मग इकडेतिकडे पाहत म्हणाली, "चादर दिलीस का?"

"दिली. लॉजवाले अण्णा भेटले, त्यांना."

अम्माने कपाळावर हात मारला. "एमिरा, काय रे हे! ती सुजातासाठी होती. म्हटलं, बोलणं होईल तेव्हा तुझ्या हातून तिला मिळेल. तोंडाने 'जा' म्हणता येत नाही तुला, तर निदान चादर तरी दे. घडीवरून कळलं नाही? सिंगल होती ती. जोडप्याच्या घरी कोणी सिंगल चादर नेतं का? आणि म्हणे चेकिंगला आहे!"

सुजाता दारात उभी होती. ती पुढे आली आणि अम्माच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी शेंगाचटणीचा डबा हातात धरून बसलो होतो.

तर हिशेब असा. विजापूर दोघांत, खाण्यापिण्यासकट, पिन्नीला न्याव्या लागणाऱ्या आहेरापेक्षा स्वस्त पडलं. हैदराबाद पाहायला हरकत नाही, नातेवाईक नसतील तर. पण आता दोघांसाठी स्वस्त आणि मस्त जागा कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी अकलूज सांगतो. शनिवारी पाळी संपली की बाईक काढायची. राहणं फुकट, जेवण उत्तम, यजमानीण जरा कडक.

पहिल्या शनिवारी निघताना अम्माने पुन्हा सॅकमध्ये चादर कोंबली. या वेळी मी प्लास्टिक काढून घडी उलगडून पाहिली. डबल होती.