आधी पाणी कोणाला

दादा पंचायत समितीचा सभापती झाला, त्या दिवशी नरपडच्या आमच्या ओटीवर खुर्ची आली.

आज त्याच्या तेराव्याला घरात पिकत्या चिकूंचा वास भरला आणि अशाच वासातली त्या दिवसाची दुपार आठवली. लांबून आलेल्याला पाणी आधी, ही आमची रीत. तलासरीहून सोमीमावशी आली होती. तिच्या भातशेतावर दगडखाण येणार होती. आईने तिच्यासाठी आणलेला तांब्या दादाने घेतला आणि स्वतःच प्यायला.

“पोरा, खाणीपुढे आडवा पडेन बोललास ना?”

“तेव्हा मी कोणी नव्हतो, मावशी. आता सगळ्यांचं बघावं लागतं.”

“मग तेव्हाच बरा होतास,” म्हणत ती तहानलेलीच उठली.

तेव्हा तो मला मग्रूर वाटला. आज वाटतं, तिला काय सांगायचं या भीतीने त्याच्या घशाला कोरड पडली होती.

दादा नाही, ते शेतही नाही. खाण सुरू आहे.