आयगेरिमचा अर्धा कप

स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावातल्या त्या अपार्टमेंटमध्ये मी राहायला गेले, त्या संध्याकाळी आयगेरिमनं मला जेमतेम अर्धा कप चहा दिला. मी नागपूरची. अर्धा कप म्हणजे पाहुण्याचा अपमान, असं मानणाऱ्या घरातली. माझा चेहरा पाहून ती हसली. "आमच्याकडे थोडा थोडा ओततात, म्हणजे पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरला, की समजायचं, आता निघा."

ती कझाकस्तानची, राज्यशास्त्रात पीएचडी करणारी. विषय होता तिच्या देशाच्या नेत्याची मुलगी आणि तिची राजकीय कारकीर्द. मुलीनं पक्ष काढला, तो वडिलांच्या पक्षात विरघळला, मोठमोठ्या खुर्च्या मिळाल्या आणि एक दिवस गेल्याही. हे सांगताना आयगेरिमची सुरी कांद्यावर दाणदाण आपटायची. राजकारणात तिलाही जायचं होतं. पण जाईल तिथे पहिला प्रश्न, "तू कोणाची मुलगी?" ती म्हणायची, "माझी आई ट्रॉलीबस चालवते. हे ऐकलं की लोक दुसरा प्रश्नच विचारत नाहीत."

आमची तिसरी रूममेट, पुण्याची मृणाल, मला म्हणाली, "चिल यार! आपल्याकडे पण नेत्यांच्या मुलींना तिकीट मिळतंच ना? चालायचंच." माझं डोकंच फिरलं. या 'चालायचंच'नं आपलं वाटोळं केलंय.

पुढे डिपार्टमेंटमध्ये याच विषयावर आयगेरिमचं जाहीर व्याख्यान ठरलं आणि शॉमबर्गहून नऊ-दहा तास गाडी चालवत तिचा मामा हजर झाला. आम्हीही तिला समजवावं म्हणून तो मुद्दाम इंग्रजीत बोलत होता. "टॉक कॅन्सल कर. माझा कझाकस्तानात बिझनेस आहे. तुझी आई तिथल्या माझ्या घरात राहते, विसरू नकोस. तू बोललीस, तर ती तुझ्याशी बोलणार नाही."

बहिणीच्या डोक्यावरच्या छपराची भाचीला धमकी देणारा हा मामा! त्याला धक्के मारून बाहेर काढावंसं वाटलं मला. आयगेरिमनं किटली उचलली आणि त्याचा कप काठोकाठ भरला, बशीत सांडेपर्यंत. मामाचा चेहरा उतरला. चहा तसाच टाकून तो निघून गेला.

तिनं व्याख्यान दिलं. पहिलं वाक्य होतं, "मी ट्रॉलीबस चालवणाऱ्या बाईची मुलगी." शेवटी एका प्राध्यापकांनी विचारलं, "पण नेत्याची मुलगी का असेना, एक बाई इतक्या वर गेली, हे चांगलंच नाही का?"

"वर जायचा जिना तिच्या घरातून होता," ती म्हणाली. "आमच्या नाही."

त्या दिवसापासून आईनं तिचा फोन उचलला नाही. त्या मामाचा मला आजही संताप येतो. आणि "बघ, मी म्हटलं होतं ना, चिल म्हणून" म्हणणाऱ्या मृणालचाही.

नोकरीसाठी आयगेरिम दुसऱ्या राज्यात निघाली, त्या सकाळी चहा मी केला. अर्धाच कप ओतला. तिनं तो संपवून पुढे केला, मी पुन्हा थोडा ओतला. बसची वेळ झाली, तरी ती उठेना.

"मी घरी गेले, तर आई कप किती भरेल गं?"

मी किटली उचलली आणि तिच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.